पांढरीवरचा रोमन पॅलेस

धरणात गाळ साचतो तसे निवृत्त माणसाकडे किस्से साचतात. फरक एवढाच, की गाळ काढायची निदान योजना तरी निघते. किस्से काढायला आपल्यालाच तोंड उघडावं लागतं, आणि घरात कोणी ऐकत नाही! मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. विष्णुपुरीच्या धरणावर नव्हे, धरणाच्या कागदांवर माझी नोकरी झाली. आता संध्याकाळी नांदेडला गोदावरीच्या घाटावर आमची चौकडी बसते. उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले गुट्टेसाहेब, टपाल खात्यातले हमीदभाई, मी आणि बिडवे सर.

सर लातूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. आता मुलाकडे नांदेडला असतात, पण जीव अडकलाय मांजरेकाठच्या आपल्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, उगाच तिथली मंडळी सत्कार करायला येतील. गावाबाहेर नदीला लागून एक टेकाड आहे. जुनं गाव उठून गेलेल्या अशा जागेला आमच्याकडे पांढर म्हणतात. तेर गावी, म्हणजे तेव्हाच्या तगर नगरात, रोमशी व्यापार चालायचा हे सगळ्या इतिहासकारांना मान्य आहे. आपल्या गावच्या पांढरीवरही तसंच नगर होतं, हे सध्या एकट्या बिडवे सरांना मान्य आहे. ती पांढर सरकारनं पाहावी, संरक्षित करावी, एवढीच त्यांची इच्छा. त्या इच्छेची जी काही शोभा झाली, तिचे हे किस्से.

* * *

सरांनी आधी गावाला शहाणं करायचं ठरवलं. देवळासमोर व्याख्यान ठेवलं. आम्ही तिघं नांदेडहून पुढच्या रांगेत बसायला गेलो, कारण पुढची रांग रिकामी राहणार याची खात्री होती.

सर रंगात आले. आपलं तलम कापड, आपले मणी बैलांच्या तांड्यावरून समुद्रापर्यंत जायचे, तिथून जहाजानं रोमला. गाव ढिम्म. शेवटी एक म्हातारबा उठले.

"गुरुजी, कापड नेलं ते नेलं. पैका दिला का न्हाई त्यायनं?"

"दिला तर! सोन्याची नाणी द्यायचे."

"मंग ती कुठं हायेत?"

"काय सांगावं? असतील याच मातीत," सर भावुक होऊन म्हणाले.

सकाळी आम्ही परतायला निघालो तर अर्धं गाव टिकाव-फावडी घेऊन टेकाडावर! पांढरीची अशी चाळण झाली होती, की उंदरांनीही लाजावं. सर कपाळाला हात लावून बांधावर बसले.

हमीदभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, इतक्या मनापासून तुमचं भाषण शाळेत तरी कोणी ऐकलं होतं का?"

* * *

त्याच सुमारास गुट्टेसाहेब मुलाकडे जर्मनीला जाऊन आले. मुलगा ट्रियरला असतो. मोझेल नदीच्या काठचं हे शहर रोमन लोकांनी वसवलेलं. साहेब तिथून आले ते चिडूनच आले.

"तिथं नदीवर पूल आहे. खालचे दगडी खांब रोमन लोकांनी बांधलेले. आणि त्यांच्यावरून आजही गाड्या जातात!"

"मग यात चिडण्यासारखं काय?" मी विचारलं.

"मी हयातभर पूल बांधले हो! त्यातल्या दोन पुलांचे तर उद्घाटनाचे फलक पुलापेक्षा जास्त टिकले!"

पुढची गोष्ट ऐकून सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिथं भर बाजारात गाड्यांसाठी तळघर खणत होते. खाली रोमन काळचं स्नानगृह निघालं. त्यांनी बेत बदलला, भिंती जपल्या, वर काचेची इमारत उभी केली. आता लोक तिकीट काढून त्या भिंती बघतात.

"आपल्याकडं निघालं असतं तर?" सरांनी विचारलं.

गुट्टेसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "पार्किंग वेळेत पूर्ण झालं असतं. आपल्याकडं वेळेत पूर्ण होणारं ते एकमेव काम!"

* * *

मग सर साखरेच्या पोत्यात पांढरीवरची खापरं भरून पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात गेले. अर्जाची भाषा माझी, त्यामुळे सोबत मीही. टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, पोत्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे हा माल रोमचा आहे?"

"हो!" सर हरखले.

"मग आमच्याकडं कसं काय? परराष्ट्र खात्याला लिहा की!"

माझ्या खात्यात कागद टोलवणारे एकाहून एक पडले होते. पण थेट समुद्रापार टोलवणारा मी पहिल्यांदाच पाहिला!

सर हटेनात. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला आतल्या साहेबांची गाठ पडली. माणूस बरा होता. त्यांनी खापरं हातात घेऊन पाहिली. "गुरुजी, तुकड्यांवर वरचे लोक विश्वास ठेवत नाहीत. यातलं एखादं भांडं अख्खं मिळू द्या. मी स्वतः पाहणी लावतो, गावाचं खणणं थांबवतो, सगळं करतो. पण अख्खं पाहिजे."

त्या दिवसापासून सर 'अख्खं' या शब्दावर जगू लागले.

* * *

आणि नेमकं तेव्हाच कळलं, की पांढरीवर मंगल कार्यालय होतंय. जमीन बाळासाहेबांची. बाळासाहेब म्हणजे गावचे माजी सरपंच आणि सरांचे माजी विद्यार्थी. इतिहासात कायम काठावर पास. कार्यालयाचं नाव काय, तर 'रोमन पॅलेस'!

सर तणतणत गेले. आम्ही मागोमाग. बाळासाहेबांनी जेसीबी थांबवून भर उन्हात सरांचे पाय धरले. पाया पडणारा माणूस तुमचं काहीएक ऐकणार नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

"सर, ही थीम तुमचीच बरं का! तुमचं भाषण ऐकलं अन् डोक्यात लाइटच लागली. लातुरात लई लॉन्स झालेत, पर रोमन एकबी न्हाई!"

"अरे बाळू, खरं रोम या जमिनीखाली आहे! ते फोडून तू वर खोटं बांधतोयस!"

"खालचं कोणाला दिसायलंय सर? म्हणून तर वर दाखवायलोय!"

 यावर मला एक उत्तर सुचलं होतं, पण ते लिहिण्यासारखं नाही. खूप रदबदली केल्यावर बाळासाहेबांनी एक शब्द दिला. खणताना काही अख्खं निघालं, तर जेसीबी तिथंच बंद आणि पहिला फोन सरांना.

* * *

मधे एकदा काम बघायला गेलो. दारात सोनेरी खांबांची रांग. गुट्टेसाहेबांनी सवयीनं बोटानं वाजवून पाहिलं. पोकळ!

"आत काय आहे हो?"

"काहीच न्हाई साहेब," मिस्त्री अभिमानानं म्हणाला. "सगळं पीओपी. हलकं काम."

पायऱ्यांशी एक पीओपीचाच रोमन सैनिक उभा केला होता. डोक्यावर तुरा, छातीवर चिलखत, आणि ढालीवर मोठ्या अक्षरात 'चपला येथे काढाव्यात'.

हमीदभाईंनी त्याचा खांदा थोपटला. "बिचारा! एवढी दुनिया जिंकली, आणि नोकरी काय मिळाली, तर चपला सांभाळायची!"

त्या खांबांच्या पायात भर म्हणून पांढरीचीच माती टाकत होते. तिच्यात खापरं होती, मणी होते. सर वाकून वाकून वेचत होते, आणि मजूर म्हणत होते, "काका, बाजूला व्हा, ट्रॉली यायलीय."

* * *

कार्यालयाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला.  "निघालं! बाळूचा फोन होता. कारंज्याच्या खड्ड्यात निघालं. अख्खं!"

गुट्टेसाहेबांनी गाडी काढली. सर पुढं बसले. नांदेड सोडल्यापासून ते एकसारखे बोलत होते. बाळासाहेबांनी फोनवर सगळं वर्णन केलं होतं. कमरेएवढा उंच रांजण, अरुंद गळा, दोन्ही बाजूंना कान, आणि खाली गाजरासारखा निमुळता होत गेलेला, टोकदार.

"टोकदार आहे, समजलं का तुम्हाला?" सर मागं वळून मला म्हणाले. "रोमन लोक दारू भरून असेच रांजण जहाजात घालायचे. ते टोक वाळूत रोवायचं, म्हणजे लाटांनी हलत नाही. आपला कुंभार असं बूड करतच नाही! या टोकापुढं कुठल्या साहेबाची वाद घालायची टाप नाही. ते टोक दाखवलं, की पाहणी लागली. पांढर वाचली!"

वाटेतच त्यांनी पुरातत्त्व खात्यातल्या त्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "आणा गुरुजी, मी बसलोच आहे." सरांनी मांडीवर घरून आणलेली गोधडी घट्ट धरली होती, रांजण गुंडाळायला.

पोचलो. सनई लागली होती, मांडवात गर्दी. शब्दाला जागून जेसीबी बंद होता. बाळासाहेब फेटा बांधून धावत आले, सरांच्या पाया पडले आणि त्यांना हाताला धरून थेट दाराशी घेऊन गेले.

सोनेरी खांबाशेजारी रांजण उभा होता. स्वच्छ धुतलेला, दोन्ही कान शाबूत, गळ्यात झेंडूचा हार, तोंडात प्लास्टिकची फुलं. ताठ उभा होता. बाजूला मिस्त्री ग्राइंडरवरची लाल भुकटी फडक्यानं पुसत होता.

सर खाली बसले. त्यांनी रांजणाच्या बुडाशी हात फिरवला.

"मगापासून उभंच राहिना सर, सारखं लवंडायलं होतं," बाळासाहेब म्हणाले. "तुम्ही यायच्या आत नीट करून घेतलं. आता बघा कसं झ्याक बसलंय! रोमवाले लई हुशार असतील सर, पर बूड सपाट ठेवावं, एवढं साधं त्यायला कळू नये?"