दप्तरी दाखल

आमच्या वसाहतीत सात इमारती आणि सगळ्या घरमालकांची मिळून एकच सोसायटी. सोसायटीचं दप्तर पंपाच्या खोलीला लागून असलेल्या एका खोलीत होतं. पूर्वी ती खोली उघडली की कोंदट वास अंगावर यायचा आणि पोत्यांमधून कसर सैरावैरा पळायची. बांधकामाचे नकाशे, सभांची इतिवृत्तं, वारस नेमल्याचे अर्ज, नळाच्या तक्रारी, सगळा नुसता काला. पाचव्या इमारतीतले एक गृहस्थ वारले तेव्हा त्यांनी वारस म्हणून कोणाचं नाव दिलंय तो कागद शोधायला अकरा दिवस लागले. तेवढ्यात त्यांचे दोघे मुलगे एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले होते.

त्याच सुमारास वसाहतीत राहणारे एक काका निवृत्त झाले. एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख शाखेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. मूलबाळ नव्हतं. घरी बसून काकूंच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागले, तेव्हा काकूच सेक्रेटरीकडे गेल्या आणि म्हणाल्या, यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मला वेड लागेल.

काकांनी खोलीचा कायापालट केला. पहिले दोन महिने ते फक्त झटकत आणि वाळवत होते. मग घरागणिक एक फाईल, इमारतीगणिक एक रंग, नकाशांना कापडी पिशव्या, कपाटात डांबराच्या गोळ्या. आलेला प्रत्येक कागद आधी आवक वहीत चढायचा, त्यावर तारीख आणि काकांची बारीक सही पडायची, मग तो आपल्या जागी जायचा. काही मागा, पाच मिनिटांत हातात. आम्ही त्यांना दप्तरकाका म्हणायला लागलो ते तेव्हापासून. थोडी चेष्टा होती त्यात, पण मानही होता.

कागदाच्या बाबतीत त्यांचा एक दंडक होता. आपलं काम कागद ठेवायचं, त्यावर मत द्यायचं नाही. शेजारच्या दोघांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या तर दोन्ही ते सारख्याच थंडपणे लावून टाकत. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे नोकरीत आपल्याकडे कधी कुणी बोट दाखवलं नाही, असं ते सांगायचे.

त्या खोलीत आणखी एकाची ये-जा असे. वसाहतीचा माळी आपली कात्री आणि पाण्याची नळी दाराआडच्या कोपऱ्यात ठेवायचा. नळी ओली असते म्हणून काका रोज कुरकुरायचे. माळी रोज नळी उचलून बाहेर झटकायचा आणि परत तिथेच ठेवायचा. एवढाच काय तो दोघांचा संवाद, पण तो सहा वर्षं चालला.

वसाहतीच्या मागच्या बाजूला जमीन चढती आहे. ती माती धरून ठेवायला एक उंच दगडी भिंत होती. तिला पोट आलं होतं. मी स्वतः ते पाहिलं होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्यांनीच पाहिलं असणार. एका इंजिनिअरला दाखवण्यात आलं आणि त्याचं पत्र आलं. भिंतीमागे पाणी साचतंय, भिंत कधीही बसेल, तिच्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका आणि काम ताबडतोब काढा, असं दीड पानात स्वच्छ लिहिलेलं.

पत्र काकांनी वहीत चढवलं आणि सेक्रेटरीकडे नेलं. सेक्रेटरी फोनवर होता. त्याने पहिल्या चार ओळी वाचल्या, फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "बघू पुढे. तूर्त फायलीला लावा."

काकांनी कोपऱ्यात 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला, सही केली आणि पत्र भिंतीच्या फायलीत लावलं. त्यानंतर समितीच्या तीन बैठका झाल्या. विषयपत्रिका काकाच लिहून काढत. विषय सेक्रेटरी सांगायचा. तिन्ही वेळा भिंतीचा विषय नव्हता, आणि तिन्ही वेळा ते काकांच्या लक्षात आलं होतं. हे त्यांनी पुढे काकूंजवळ कबूल केलं. काकूंनी मला सांगितलं.

आठ महिन्यांनी, एका कोरड्या दुपारी, भिंत बसली. तिच्या सावलीत माळी डबा उघडून बसला होता. आवाज ऐकून आम्ही धावलो. दगड हलवायला दोन तास लागले. काकाही दगड उचलत होते. कुणीतरी त्यांना बाजूला घेतलं, तर ते पुन्हा येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दप्तराच्या खोलीत आला. आवाज खाली होता त्याचा. ते पत्र आपल्याकडे आलंच नव्हतं असं धरून चालू, असं त्याने सुचवलं. वहीचं ते पान खराब झालं होतं म्हणून दुसरं लिहिलं असं म्हणायचं, यात काही विशेष नाही. शेवटी म्हणाला, "काका, सही तुमची आहे, माझी नाही. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. खोलीची किल्ली तेवढी माझ्याकडे द्या."

काका किल्ली खिशात घालून घरी आले. जेवले नाहीत. काकूंना सगळं सांगितलं. काकू व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, देऊन टाका किल्ली, गेलेला माणूस परत येणार आहे का, आपल्याला याच लोकांत राहायचंय. काकांनी किल्ली मात्र दिली नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी आला आणि भिंतीचे काही कागद आहेत का म्हणून विचारलं. काकांनी फाईल काढून त्याच्यापुढे ठेवली, आवक वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. अधिकारी म्हणाला, एवढं नीट दप्तर मी कुठे पाहिलं नाही. मग त्याने शेरा वाचला आणि विचारलं, ही सही कोणाची?

"माझी," काका म्हणाले.

फायलीला लावायला कोणी सांगितलं तेही त्यांनी सांगितलं. लेखी आहे का, अधिकाऱ्याने विचारलं. नव्हतं. सेक्रेटरीने जबाबात लिहून दिलं की पत्र आपल्यासमोर कधी आलंच नाही, म्हाताऱ्याने परस्पर लावून टाकलं असेल. साक्षीदार कोणी नव्हता. साऱ्या कागदांत भिंतीच्या पत्रावर एकच हात दिसत होता, तो काकांचा.

वसाहतीने त्यांना वाळीत टाकलं असं म्हणणार नाही, पण ते दिसले की लोक जिन्यात बोलायला थांबेनासे झाले. सेक्रेटरीच्या बाजूचे म्हणत, सोसायटीला गोत्यात आणलं. दुसऱ्या इमारतीतली एक बाई त्यांना रस्त्यात गाठून शांतपणे म्हणाली, माझी मुलगी रोज त्या भिंतीपाशी खेळायची, आमचं दार वाजवून एक शब्द सांगायला काय झालं होतं तुम्हाला? काकांनी मान खाली घातली. मी तिथेच होतो. मीही काही बोललो नाही.

पंधरा-वीस दिवसांनी माळ्याची बायको आली. तिला वकिलाने त्या पत्राची नक्कल आणायला सांगितलं होतं. काकांनी ती आधीच काढून ठेवली होती. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, काय लिहिलंय ते सांगा. काकांनी दीड पान वाचून दाखवलं. ती उभ्यानेच ऐकत होती. मग तिने कोपऱ्यातल्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि हे?"

"दप्तरी दाखल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ठेवून दिलं," काका म्हणाले.

"कोणी?"

"मी."

तिने कागदाची घडी केली आणि ती बाहेर पडली. दाराआडची कात्री तिने जाताना उचलून नेली. नळी तशीच राहिली. त्या दिवसापासून काकांनी आवक वहीला हात लावला नाही. पुढच्याच आठवड्यात समितीने त्यांना यायची गरज नाही असं कळवलं, ते सोपस्कारापुरतंच.

सोसायटी, सेक्रेटरी आणि काका यांच्यावरचा खटला चार वर्षं चालला. काका प्रत्येक तारखेला गेले आणि प्रत्येक वेळी तेच बोलले. पत्र आलं होतं, मी वाचलं होतं, मी बोललो नाही. त्यांचा वकील कपाळाला हात लावायचा. वाचलं होतं असं कशाला सांगता, नुसतं लावलं म्हणा, असं त्याने हजारदा समजावलं. शेवटी सोसायटी दोषी ठरली, सेक्रेटरी पुराव्याअभावी सुटला आणि घर विकून निघून गेला. काकांच्या बाबतीत न्यायाधीशांनी लिहिलं की वय पाहता शिक्षा देत नाही, पण कसूर झाली आहे. तो कागद काकांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय.

माळ्याची बायको तोवर शहर सोडून भावाकडे गेली होती. निकाल तिला टपालाने कळला असेल.

नवी समिती आली तेव्हा काका एक अर्ज घेऊन गेले. आलेलं प्रत्येक पत्र बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचावं, सगळ्यांनी ऐकावं, मगच फायलीत जावं. नव्या अध्यक्षांना ते वेळखाऊ वाटलं. काका पुढच्या बैठकीला पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याला पुन्हा. पाचव्या वेळी कंटाळून ठराव झाला. त्यानंतर दर महिन्याला काका दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसत. गळक्या नळाचं पत्र असो की कुत्र्याच्या भुंकण्याचं, शेवटचं पत्र वाचून होईपर्यंत उठत नसत. लोक घड्याळ पाहायचे. दीड वर्ष असं चाललं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. ते गेल्यावर आम्ही समाचाराला गेलो, तेव्हा काकूंनी सांगितलं. बैठकीच्या दिवशी संध्याकाळी ते जड जिभेने विचारायचे, पत्रं वाचली का? पत्रवाचन तर ते पडले त्याच महिन्यात बंद झालं होतं, हे काकूंना ठाऊक होतं.

"मी म्हणायचे, वाचली," काकू म्हणाल्या. "मग ते विचारायचे, कोणती? मग मला काहीतरी रचून सांगावं लागायचं."