रांगेत शेवटी गुरुजी

कबीर, मित्रा, मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, आर्मीत तू सगळ्यात जास्त कधी घाबरलीस?" मी विषय बदलला. उत्तर लिहूनच देते. फोनवर माझा आवाज नीट राहिला नसता.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते आणि कॅप्टन म्हणून बाहेर पडले. सीमेजवळच्या हॉस्पिटलात तोफांचे आवाज ऐकत जखमींचं ड्रेसिंग केलं. भीती वाटायची, पण हात थरथरले नाहीत. ते थरथरले नोकरी सुटल्यावर कितीतरी वर्षांनी, आपल्या गावी, दिवसाउजेडी. त्या कामाला मी माझी शेवटची पोस्टिंग समजते. ठिकाण, आरमोरी तालुक्यातलं आपलं गाव. ड्यूटी, अकरा मुलांना जंगलातून शाळेत पोचवणं आणि परत आणणं. माझ्यावर एकच सीनियर होते, तुमचे आजोबा.

त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मीसुद्धा. त्यांची बरीचशी नोकरी भामरागडकडच्या शाळांत गेली. पावसाळ्यात नदी रस्ता बुडवायची, तेव्हा बाकीचे मास्तर आधीच निघून यायचे. हे मुलांसोबत तिथंच राहायचे. गोंडी ते मुलांकडूनच शिकले आणि पहिलीच्या वर्गात आधी गोंडीत बोलायचे. दर शनिवारी सगळ्या वर्गाची नखं स्वतः कापायचे. माझी पोस्टिंग दूर असायची, म्हणून तुमच्या बाबांना आणि आत्याला त्यांनीच वाढवलं. आत्याच्या दोन वेण्या घालायचे, भाकरी थापायचे. गावातले लोक चिडवत, "गुरुजी, बायको कॅप्टन अन् तुमी लांगरी!" लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. ते म्हणत, "मंग? कॅप्टनले उपाशी ठेवू का?"

त्या वर्षी दिवाळीच्या आधी गवत आणायला गेलेली आपल्या गावची एक बाई परत आली नाही. वाघ होता. वनखात्याची जीप भोंग्यावरून सांगत फिरली, एकट्यानं जंगलात जाऊ नका. दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. लोक कुत्री घरात घेऊ लागले. पण गावातली शाळा पट कमी म्हणून आधीच बंद झाली होती. मुलांना पलीकडच्या गावी जावं लागे, आणि मधला पट्टा सागाचा आणि बांबूचा. आईबाप धानकापणीवर. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान उभं ठेवून पोरांसोबत कोण जाणार? दोन घरांनी मुलींचं नाव शाळेतून काढायचं ठरवलं.

गुरुजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणाले, "कॅप्टन, आपण दोघं रिकामेच बसून राह्यलो ना?"

मी म्हटलं, "तुमची बायपास झालीय."

"वाघाले थोडंच मालूम आहे!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघालो. माणसांचा मोठा आवाज आला की वाघ बहुधा बाजूला होतो. म्हणून गुरुजींनी पाढे लावले. रांगेत शेवटी ते, हातात काळी छत्री. ते मागून ओरडत, "तेरा त्रिक!" मुलं ओरडत, "एकोणचाळीस!" मी पुढे, गळ्यात शिटी, हातात काठी. मी मागे का नाही? कारण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझे पाढे इंग्रजीत, तेही बारापर्यंत. चौथीतली सोनी मला तोंडावर म्हणायची, "आजी, तुमचा पाढा तर बारातच थकते!"

स्टँडिंग ऑर्डर एकच होती. मागून गुरुजींचा आवाज थांबला की हॉल्ट. सगळे एकमेकांना चिकटून उभे. पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे वाघ धावतो.

मी रोज घाबरायचे. पान वाजलं तरी काठी घट्ट धरायचे. दुसऱ्या गावची हद्द दिसली की श्वास सुटायचा आणि परतीच्या वेळी पुन्हा अडकायचा. गुरुजींना हे कधी सांगितलं नाही. त्यांनीही मला त्यांचं सांगितलं नाही.

त्या दिवशी शाळा सुटून परत येत होतो. ऊन तिरपं झालं होतं. नाला ओलांडला. डावीकडे झाडावर वानरं खाकरायला लागली. धोका दिसला की वानरं अशी खाकरतात. मी चाल वाढवली नाही.

"सतरा चोक!" मागून आवाज आला.

"अडुसष्ट!"

पुढचं आलं नाही.

मी शिटी दिली. हॉल्ट. मुलं माझ्याभोवती गोळा झाली. मी मागे वळून पाहिलं. गुरुजी पन्नासेक पावलांवर आमच्याकडे पाठ करून उभे होते. वाघाला मोठं दिसावं म्हणून त्यांनी छत्री उघडली होती. त्यांच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला पिवळं गवत होतं. आधी मला त्यात फक्त एक कान हललेला दिसला. मग डोकं दिसलं. मग पट्टे.

काठी हातात वाजत होती, म्हणजे हात थरथरत होता. मी एक पाऊल मागे, त्यांच्याकडे टाकलं. सोनीनं माझा पदर धरला.

गुरुजी वळले नाहीत. वर्गात बोलत तशाच आवाजात म्हणाले, "कॅप्टन, मूव्ह."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ऑर्डर दिली. मग मोठ्यानं, "सतरा पाचे!"

ते पुन्हा म्हणाले, "सतरा पाचे! काऊन रे, झोपले का?"

सोनी पुटपुटली, "पंच्याऐंशी."

मी त्यांच्याकडे गेले असते तर अकरा मुलं मोकळी सुटून पळाली असती. ते तिथून हलले असते तर वाघाला पाठ दिसली असती. दोघांनाही हे माहीत होतं. मी मूव्ह केलं.

आम्ही चालत होतो आणि ते तिथंच उभे होते. प्रत्येक ओळीला त्यांचा आवाज लांब जात होता. आम्ही कुठवर पोचलो ते त्यांना कळावं म्हणून मुलं जीव खाऊन ओरडत होती. अठराचा पाढा संपला. एकोणिसाच्या मध्येच वळण आलं आणि मागून काही ऐकू येईना. तेव्हा सोनीनं गुरुजींच्याच सुरात सुरू केलं, "एकोणीस सक!" बाकीची रडत रडत उत्तर देत होती. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय पुढे पडले नसते.

बांध्या लागल्या. कापणीवर आपले शेजारी दादाराव होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विळा टाकला. मुलं बायांच्या ताब्यात दिली. दादारावांनी ट्रॅक्टर काढला, माणसं डबे आणि थाळ्या बडवत मागे निघाली. मीही ट्रॅक्टरवर चढले.

"बाई, तुमी राहा इथी," दादाराव म्हणाले.

"चला," मी म्हटलं.

वळणावर मी त्यांना ट्रॅक्टर बंद करायला लावला. डबे थांबवले. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. काही ऐकू आलं नाही. मी मनात गुरुजींचं खरं नाव घेतलं, जे मी कधी तोंडानं घेत नसे.

मग फाटक्या आवाजात आलं, "बे चोक..."

दादाराव ओरडले, "आठ! आठ गुरुजी, आठ!"

ते तसेच उभे होते. छत्री उघडी. समोरचं गवत रिकामं होतं. मी जवळ जाऊन दंडाला हात लावला तेव्हा त्यांनी विचारलं, "गेला का तो? माह्या डोयाले काई दिसून नाई राह्यलं." मी म्हटलं, गेला. मग त्यांनी छत्री मिटली आणि रस्त्यातच खाली बसले. नाडी पाहायला मी हात धरला आणि मोजताना दोनदा आकडा चुकले.

"तिसाच्या पुढं मले येत नाई," ते म्हणाले. "मंग बेपासून धरलं."

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. एकाही मुलीचं नाव शाळेतून निघालं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत, अंगणातल्या उन्हात, चहाची वाट पाहताना त्यांचं हृदय थांबलं. सीपीआर मी नोकरीत किती जणांना दिला. त्यांनाही दिला, दादाराव हात धरून थांबवेपर्यंत. विहारात वंदना झाली तेव्हा अकराही मुलं आली आणि न सांगता रांगेत बसली.

पुढच्या सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला मी छत्री घेऊन निघाले. पुढे चालायला दादाराव आले. सोनीनं विचारलं, "मागं कोन राहीन?"

"मी."

"तुमाले पाढे कुठी येतात?"

"तू शिकव."

तिनं शिकवलं. चुकले की छडी मारल्यासारखा हात करते.

तुमच्या बाबांना सांगा, तुमच्याकडे कायमचं यायचं माझं तिकीट आत्ता काढू नकोस. वाघ अजून आहे आणि मी अजून रोज घाबरते. मागे कोणी नसतं, तो रस्ता मानेवर जाणवतो. पण आता मला तिसापर्यंत पाढे येतात. फक्त सतरा चोकनंतर मी एक श्वास थांबते. मुलंही थांबतात, कोणी वळून पाहत नाही. मग मी सतरा पाचे म्हणते आणि रांग चालू लागते.