सूचक आणि अनुमोदक

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्या अक्षराचा मला लई माज होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या माजातून झालेला आहे.

गेल्या वर्षी आमच्या ओढ्यावरच्या साकवाला नवे कठडे बसले. साकव म्हणजे काही मोठा पूल नव्हे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं, एवढाच. पण त्याच्यामुळं पावसाळ्यातसुद्धा गावठाण आणि ओढ्यापलीकडची वाडी एक राहते. कठडे बसले तेव्हा ग्रामसभेत ठरलं, की हा साकव ज्यांनी आणला त्या तात्यांच्या नावाचा दगड तिथं लावायचा. तात्या भातकाढणीच्या सुमारास गेले होते, आणि त्यांच्या मागोमाग, संक्रांतीच्या आत, त्यांची बायको जिजीही गेली. गावाचं एक काम असं नव्हतं की ज्याला या दोघांचा हात लागला नाही.

ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात, मग तो नातवाच्या वयाचा का असेना. आताच्या भाऊसाहेबांनी कपाटातून जुनं प्रोसिडिंग बुक काढलं, झटकलं आणि ठराव वाचला. "ओढ्यावर साकव व्हावा. सूचक, सरपंच..." आणि पुढं तात्यांचं पूर्ण नाव. मग वही फिरवून सगळ्यांना दाखवली.

"काय अक्षर आहे बघा! छापल्यासारखं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अक्षर माझं होतं. आणि ठराव खोटा होता.

दगड सोमवारी नसरापूरला कोरायला जायचा होता. सोमवारपर्यंत मी तोंड उघडलं नाही, तर खोटं कागदावरनं दगडावर चढणार होतं. कागदाला वाळवी तरी लागते.

तो ठराव लिहिला तेव्हा मी नवी नवरी होते. माहेर नसरापूरचं, हमरस्त्याजवळचं, म्हणजे माझ्या मते मी जवळजवळ पुण्याचीच. दहावी पास. मनगटावर घड्याळ. ते बंद होतं, पण होतं. पाणवठ्यावर कुणी वेळ विचारली की मी घड्याळाकडं बघायचे, मग हळूच सूर्याकडं बघायचे आणि ऐटीत अंदाज ठोकायचे. या बावळट पोरीला गाव "शिकलेली सून" म्हणायचं, आणि तिला ते खरं वाटायचं.

तात्या सरपंच होते आणि जिजी सरपंचाची सरपंच. तात्या विसराळू. म्हणून ते वेल्ह्याला पंचायत समितीत निघाले की जिजी त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याला गाठी मारायची. एक गाठ शाळेच्या पत्र्याची, एक रस्त्याच्या दिव्याची, एक एसटीच्या थांब्याची. काम झाल्याशिवाय गाठ सोडायची नाही. एकदा तात्या साहेबापुढं उभे राहिले आणि तिसरी गाठ कशाची तेच आठवेना. परत आल्यावर म्हणाले, "अगं, ही कशाची व्हती?" जिजी म्हणाली, "घरातलं मीठ संपलंय त्याची. साहेबाकडं मागितलं न्हाई न्हवं?"

विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायचं काम शिपायाचं, पण टाकायची जिजी. शिपाई मोजमाप न करता ओततो आणि पोरांची पोटं बिघडतात, हा तिचा आरोप. ती पावडर टाकायची आणि तात्या काठावर कंदील धरून उभे असल्यासारखे भर दुपारी नुसतेच उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "तात्या, तुमी इथं कशाला?" ते म्हणाले, "ही पडली तर वरडायला कुनी नगं?"

तिनं आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. बायका उखाण्यात तरी घेतात, ही तेही टाळायची. तात्यांचं नाव देवाचं होतं. त्यामुळं आरतीत ते आलं की सगळं देऊळ दणाणायचं आणि जिजी तेवढ्या शब्दापुरती ओठ मिटून टाळी वाजवायची. मी तिच्या शेजारी उभी राहून मुद्दाम तिच्या तोंडाकडं बघायचे. मला कोपर बसायचं.

तर ती सभा. गावाला त्या साली एकच काम मिळणार होतं. पुरुषमंडळी मारुतीच्या देवळात आत बसलेली आणि त्यांना देवळापुढं मंडप पाहिजे होता. तात्यांनाही तोच पाहिजे होता. आम्ही बायका बाहेर पायरीवर, ऐकायला म्हणून नाही, बसायला म्हणून. मंडपाचा ठराव होणार तेवढ्यात जिजी पायरीवरच उभी राहिली.

"आमच्या ह्यांना इचारा," ती म्हणाली, "पावसात वाडीला कदी गेल्यात का! ह्यांचं पाय कोरडं ऱ्हात्यात म्हनून ह्यांना वढा दिसत न्हाई. आमी बायका लावनीला कमरंएवढ्या पान्यातनं जातो, एकमेकीच्या पदराला गाठ मारून. एक घसरली तर सगळ्या जातील. देव काय मंडपाबिगर खोकाया लागलाय? आदी साकव करा."

आत कुणीतरी फिसकन हसलं. तात्या लाल झाले.

"हे आपण घरी बोलू," ते म्हणाले.

"घरी तुमी झोपताय."

मग कुणालाच हसू आवरलं नाही. तात्यांनाही नाही. त्यांनी डोळे पुसत विचारलं, "कुनाची हरकत?" हरकत कोण घेणार? सगळ्यांच्या बायका दारात बसलेल्या, आणि जेवायला सगळ्यांना घरीच जायचं होतं.

त्या वेळच्या भाऊसाहेबांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागायचं नाही. त्यांनी माझ्या सासऱ्यांना सांगून ठराव स्वच्छ उतरवून द्यायला मला बसवलं. मी आधी एका फुलस्केपवर कच्चं लिहिलं. जिजी जे बोलली ते शब्दाला शब्द, मान्यवर लेखिका असल्यासारखं, जीभ बाहेर काढून. भाऊसाहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, ही वही वेल्ह्याला जाते. अक्षर तुमचं. साहेब विचारणार, 'आमचे हे' म्हणजे कोणाचे हे? तुमचेच मालक कोरड्या पायानं फिरतात असं समजतील की."

माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. कान तापले. मी वही ओढली आणि दुसराच ठराव लिहिला. त्यात पायरी नाही, पदर नाही, बाईच नाही. "सूचक, सरपंच..." पुढं तात्यांचं नाव, आणि मग "यांनी कळकळीने मांडले की..." कळकळीने हा शब्द माझा. दहावीच्या निबंधात वापरला होता, तेव्हापासनं शिल्लक होता.

संध्याकाळी तात्या वही घेऊन आमच्या अंगणात. मागं जिजी. मी दाराआड.

"सूनबाई, ह्यात म्या शाना निगालोय," तात्या म्हणाले. "सभेत तर गाडाव व्हतो. पुन्ना लिवा. जी बोलली तिचं नाव घाला."

मी रडायच्या बेतात. जिजीनं विचारलं, "काय लिवलंय? वाचा." तात्यांनी वाचून दाखवलं. कळकळीनेपाशी ती खळखळून हसली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लई ब्येस झालं. आता साकव झाला न्हाई, तर नाव तुमचं जाईल. पंचा द्या इकडं."

आणि अंगणातच तिनं पंच्याला गाठ मारली, अशी, की ती सोडवताना पुढं कात्री लागली. तात्यांनी वेल्ह्याला किती खेपा घातल्या ते त्यांचं त्यांना माहीत. पंचा तोच. दुसऱ्या पावसाळ्याच्या आत साकव उभा राहिला.

त्या दिवसापासनं जिजी मला "कारकून" म्हणायला लागली. साकवावर भेटलो की म्हणायची, "काय कारकून, माजा ठराव कुटं घातला?" हसत म्हणायची. पण म्हणायची.

तात्या गेल्यावर मी तिच्याकडं बसायला गेले. भिंतीकडं बघत होती. म्हणाली, "आता नाव घेतलं तरी चालंल, न्हवं? म्हनलं घिऊन बगावं." मी विचारलं, "आलं का?" "न्हाई," ती म्हणाली. "व्हटापतूर येतं, मागं फिरतं. सवय न्हाई त्याला."

आता पुरावा. तो कच्चा फुलस्केप मी टाकला नव्हता. यात माझा प्रामाणिकपणा काही नाही. कागद जाड होता आणि मागची बाजू कोरी होती. त्या बाजूला मी हळदीकुंकवात म्हणायचे उखाणे लिहून ठेवले होते, स्वतः रचलेले. ट्रंकेत तळाशी तो कागद सापडला तेव्हा मी आधी आनंदले आणि मग उखाणे वाचून खाली बसले. आमच्या मालकांना दाखवला. ते म्हणाले, "हे सभेत नेणार? बघ बाई. तात्यांचं नाव राहील, तुझं जाईल."

रविवारी मी सभा मागितली. सरपंच माझ्या धाकट्या जावेची सून. ती म्हणाली, "आत्याबाई, दगडाचं ठरलंय की." मी म्हटलं, "ठरलंय ते माझ्या लबाडीवर ठरलंय," आणि सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी कागद घेतला, उलटाच, आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"नसरापूरच्या बाजारात लाल लाल गाजर, रावांचं नाव घ्यायला मी सदाच हजर."

खुर्च्या हलल्या. कुणीतरी "अजून हाय का?" म्हणालं. आमचे मालक खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "दुसरी बाजू वाचा, भाऊसाहेब."

त्यांनी वाचली. "आमच्या ह्यांना इचारा" पासून "आदी साकव करा" पर्यंत. खोकणाऱ्या देवापाशी परत हसू आलं, पण पदराच्या गाठीपाशी नाही.

कोपऱ्यातले एक म्हातारे म्हणाले, "व्हय. आसंच बोलली व्हती. म्या आत बसलो व्हतो."

"मग आजवर गप का?" सरपंच म्हणाली.

"वहीत येगळं लिवल्यालं. म्हनलं, लिवल्यालं आसतंय त्ये खरं. आमी आडानी मानसं."

एकजण म्हणाला, तात्यांसारख्या माणसाचं नाव मेल्यावर खाली आणायचं का? तो जिव्हाळ्यानंच बोलला. मलाही तीच भीती होती. मी म्हटलं, "खाली आणायचं नाही. तात्या स्वतः वही घेऊन अंगणात आले होते, तिचं नाव घाला म्हणून. ते राहिलंय. आणि तिनं नुसतं म्हटलं असतं आणि तात्या वेल्ह्याला गेले नसते, तर आज आपण पदराला गाठीच मारत बसलो असतो. सभेत सूचक लागतो, तसा अनुमोदकही लागतो. दोघं होते आपल्याकडं."

भाऊसाहेब हळूच म्हणाले, "मग तसंच लिहू की."

दगडावरचा मजकूर मीच कागदावर लिहून दिला. हात आता कापतो, छापल्यासारखं काही आलं नाही. वरच्या ओळीत सूचक, जिजीचं नाव. खालच्या ओळीत अनुमोदक, तात्यांचं. कळकळीने कुठंही नाही.

दगड बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी साकवावर गेले. मालक पलीकडच्या टोकाला, वाडीच्या वाटेवर थांबले होते. मी दगडापुढं उभी राहून मोठ्यानं वाचलं. जिजीचं नाव घेतलं. अनुमोदक म्हटलं. पुढं तात्यांचं नाव आलं, तिथं ओठ मिटले आणि टाळी वाजवली.

पलीकडनं आवाज आला, "काय गं, वाचता येईना का? चष्मा आणायचा ना!"