सासऱ्यांचे पूर्वज, सासूबाईंची जागा

माणूस शेवटी मातीला मिळतो, आणि एकदा मिळाला की त्याला तिथून कुणी उठवू शकत नाही. जर्मनीत वीस वर्षांनी उठवतात.

आमच्या बॉबलिंगेनच्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, थडग्याची जागा ठरावीक मुदतीसाठी मिळते. मुदत संपली की दगडावर एक हिरवं स्टिकर लागतं: वापराचा हक्क संपला आहे, कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा. सासूबाईंच्या दगडावर ते ऑक्टोबरात लागलं. चिकटवणाऱ्याने त्यांचं नाव झाकलं जाणार नाही याची काळजी घेतली होती.

सासूबाई इथल्याच. सासरे इंग्रज, तरुणपणी एका कारखान्यात दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी इथल्या सगळ्या नियमांशी जुळवून घेतलं, कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांशीसुद्धा. स्टिकरशी मात्र जमेना. मेलेल्या माणसाला जागा खाली करायची नोटीस देणारं राष्ट्र सुसंस्कृत म्हणवून घेऊ शकत नाही, असं ते म्हणाले. मुदत वाढवून मिळते, हे माझ्या बायकोने त्यांना समजावलं. त्यावर त्यांचं म्हणणं, आज वाढेल, पण पुढे कोण वाढवणार? त्यापेक्षा हिचा पुरलेला अस्थिकलश काढून आपल्या गावी नेऊ. तिथे चर्चच्या आवारात आपली माणसं चारशे वर्षं पडून आहेत, आणि त्यांना आजवर कुणी स्टिकर लावलेलं नाही.

हे गाव म्हणजे सासऱ्यांचा जन्म झाला ते नव्हे. जन्म एका कारखान्यांच्या शहरात झाला होता. आपण मूळचे अमुक खेड्यातले, एवढं त्यांचे आजोबा सांगत. सासरे तिथे आयुष्यात एकदाच, एका दुपारी गेले होते. चर्चच्या भिंतीवर आपल्या आडनावाची पितळी पाटी आणि बाहेर त्याच आडनावाच्या दगडांची रांग पाहून परतले होते. येताना त्यांनी घराण्याची ढाल छापलेला एक मगही आणला. दुकानात असे मग आडनावांच्या अक्षरक्रमाने मांडलेले असतात, शेजारी किल्ल्यांच्या साखळ्या असतात. ढालीवर एक सिंह आहे. इंग्लंडमध्ये सिंह नसतात, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलून दाखवलं होतं, पुन्हा नाही.

अडचण दोन्हीकडून होती. इथलं कार्यालय अस्थिकलश नुसता हातात देत नाही. दुसऱ्या जागेचा लेखी होकार लागतो. आणि तिकडच्या पाद्रीबाईंनी ईमेलवर अगदी गोड शब्दांत कळवलं की आवार जवळजवळ भरलं आहे, आता फक्त गावच्या घराण्यांनाच जागा देतात. आपल्या पूर्वजाचा इथे बाप्तिस्मा झाला होता असं दाखवलंत तर आनंदच आहे.

ते दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या आजोबांना मोडी वाचता येत असे, हे मी कधीतरी जेवताना सांगितलं होतं. जुनी किचकट अक्षरं वाचणं आमच्या रक्तात आहे, असा सासऱ्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला. वंशावळी या प्रकाराबद्दल माझं मत तसं फारसं चांगलं नाही. आमच्या घराण्याचा एक जाडजूड कुलवृत्तांत आहे. त्यातले सगळे पूर्वज एकतर शूर आहेत नाहीतर धर्मनिष्ठ. आळशी एकही नाही. ती परंपरा माझ्यापासून सुरू झाली असावी. तरीही त्या हिवाळ्यातले सगळे शनिवार मी या इंग्रज शेतकऱ्यांना दिले, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

त्या चर्चच्या तीन वह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची. त्यांची पानं आता संगणकावर दिसतात. त्यांच्या जोडीला दर दहा वर्षांची जनगणना: घरात कोण, वय काय, धंदा काय, जन्म कुठला. एका जनगणनेत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत, त्यामुळे सगळा देश एकदम तरुण दिसतो. लहान पोरांच्या नावापुढे धंदा म्हणून ‘पाखरं हाकणे’ असं लिहिलेलं आढळलं. एका पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या वहीत समासात हवामान लिहून ठेवलं होतं. मुलांपेक्षा त्याला पावसात जास्त रस होता.

सासऱ्यांच्या पणजोबांपर्यंत सहज पोचलो. त्यांचे वडील शेतमजूर होते, आणि एका जनगणनेत त्यांचा जन्म त्याच गावचा नोंदलेला होता. वय जुळवून मी बाप्तिस्म्याच्या वहीत गेलो आणि तो सापडला: तेच नाव, तेच वर्ष, बाप शेतकरी, तोच पितळी पाटीवाल्या घराण्यातला. पोरगा मजूर झाला होता. पण घराणं म्हटलं की ते खालावायचंच, नाहीतर त्याच्या आठवणी कोण काढणार?

तीन वर्षांपुढच्या पानावर मात्र तेच नाव पुन्हा आलं. आईबापांचीही नावं तीच. मी थोडा थांबलो. एका घरात दोन भावांचं एकच नाव कसं असेल? म्हणजे त्याच नावांचं दुसरं जोडपं, चुलत घर असणार. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला त्याच्यात रस वाटू नये. गेलेल्याचंच नाव पुढच्याला ठेवावं, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. दुसरा पोरगा मी चुलत्यांच्या खात्यात टाकला आणि वर चढत गेलो. फेब्रुवारीपर्यंत चारशे वर्षं झाली. दफनाची वही उघडली नाही. मला माणसं जन्मलेली हवी होती.

पुण्याहून आई व्हिडिओवर चौकशी करायची. व्याह्यांचं घराणं इतकं जुनं आहे हे ऐकून ती खूश झाली. गोत्र नसतं का रे त्यांच्यात, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ढालीचा मग असतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सगळे कागद छापून सासऱ्यांकडे नेले. पाद्रीबाईंना पाठवायचं पत्रही तयार होतं. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि कारखान्यातला नकाशा तपासावा तसं एकेक पान बोटाने तपासायला लागले. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या नोंदीवर बोट थांबलं. हा कोण, त्यांनी विचारलं. मी चुलत घराचा माझा सिद्धान्त सांगितला.

“पहिला गेला असणार,” ते म्हणाले. “पहिला गेला, की पुढच्याला त्याचं नाव.”

मी म्हटलं, असं कुणी करतं का?

“माझ्या आधी एक होता. डांग्या खोकल्याने गेला. मला त्याचंच नाव आहे.”

बायकोने हातातली किटली खाली ठेवली. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, ती त्यांना म्हणाली. विषय निघाला नाही, असं ते म्हणाले, आणि मला दफनाची वही काढायला सांगितली.

ती तिथेच लॅपटॉपवर काढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. धाकट्याच्या बाप्तिस्म्याआधी काही आठवड्यांची नोंद: तेच नाव, वय दोन वर्षं. म्हणजे शेतकऱ्याचा थोरला लहानपणीच गेला होता, आणि याच वहीत पुढे म्हातारा होऊन दगडांच्या रांगेत गेलेला तो धाकटा, गाव कधीही न सोडलेला. आमचा मजूर या दोघांपैकी कुणीच नव्हता. मग मी ज्या नोंदी गणना करणाऱ्याचा ढिसाळपणा म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, त्या बाहेर काढल्या. पुढच्या जनगणनेत मजुराचा जन्म शेजारच्या परगण्यातला लिहिलाय. त्याच्या पुढच्या जनगणनेत त्या रकान्यात आहे, ‘माहीत नाही.’ त्याची मुलं मोजावीत तर प्रत्येकाचा बाप्तिस्मा वेगळ्या गावात. तिकडे शेतगडी वर्षाच्या बोलीने ठेवत. वर्ष संपलं की बाजारात उभं राहायचं आणि जो नेईल त्याच्या गावाला जायचं. ते खेडं या माणसाचं एक वर्षाचं गाव होतं.

रविवार असल्याने पुण्याहून आई फोनवर होतीच. सगळं ऐकून ती म्हणाली, “अरे, त्या बाई काय वह्या उघडून बसणार आहेत? पाठवून दे तसंच. व्याह्यांना सांग, पुण्याचंच काम आहे.”

मी ते सांगितलं. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, बायको म्हणाली. तिला अस्थिकलश न्यायचाच नव्हता, तिच्या आईला इंग्लंडचा पाऊस आवडत नसे असं तिचं म्हणणं. पण वडिलांचा चेहरा पाहून ती बदलली होती. पत्र तर तयारच आहे, ती म्हणाली.

सासऱ्यांनी पत्र उचललं, वाचलं आणि माझ्याकडे परत दिलं.

“त्या पोराला दोनच वर्षं मिळाली,” ते म्हणाले. “त्याच्या नावावर मी आता जागा मागू?”

माझ्या आईने नुसतं हूं केलं, आणि तो हूं मी भाषांतर न करता तसाच पोचवला. थोड्या वेळाने सासऱ्यांनी विचारलं, आपले हे मजूर लोक जास्तीत जास्त किती काळ एका जागी टिकले? मी पानं चाळून सांगितलं, कागदांवरून दिसतं ते सात वर्षं, आणि तेही एकदाच. त्यांनी मान हलवली. तुझी सासू वीस वर्षं एका जागी आहे, ते म्हणाले. यात थोडा अभिमान होता, पण चारशे वर्षांच्या अभिमानापेक्षा तो मला बरा वाटला.

मंगळवारी आम्ही कार्यालयात गेलो. मुदत वाढवून मिळाली. तिथल्या बाईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं, तुमच्यानंतर जबाबदारी कुणाची लिहू? सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हा माझा जावई, ते जर्मनमध्ये म्हणाले, याच्या देशात मेलेल्यांना दरवर्षी जेवायला वाढतात, हा विसरणार नाही. बाईंनी माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि मला एक नियमावली दिली. झाडं किती उंच चालतात, दगड किती रुंद, मेणबत्ती कसली, सगळं त्यात आहे. जेवणाबद्दल काही नाही.

नियमावली मी घरी येऊन नीट वाचली. नोव्हेंबर ते मार्च फ्रीडहोफचे नळ बंद असतात, पाणी घरून न्यावं लागतं. शनिवार आता मोकळेच आहेत.