दोघींचं बोलणं

राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये मी लकवा झालेल्या आजींना सांभाळायचे. त्यांची वाचा गेली होती आणि घरचे सकाळीच कामाला जायचे. मग दिवसभर दोघींचंही मीच बोलायचे. "आजी, चहा देऊ?" असं माझ्या आवाजात विचारायचं आणि "व्हय, दे की!" असं त्यांच्या आवाजात उत्तर द्यायचं.

एकदा, घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांची माहिती गोळा करणारी एक मुलगी तिथं आली. फॉर्म भरताना तिनं विचारलं, "कामावर तुमच्याशी कोण बोलतं?"

"आजी बोलत्यात की."

तिनं पलंगाकडं पाहिलं. "मावशी, त्यांना बोलता येत नाही ना?"

तिनं 'कोणी नाही'पुढं खूण केली. तिचं बरोबरच होतं.

जाताना ती म्हणाली, "रविवारी दुपारी तुमच्यासारख्या बायका शाहूपुरीत जमतात. याल?"

रविवारी घरचे घरीच असायचे, म्हणजे अडचण काहीच नव्हती. तरी मी सवयीनं विचारलं, "आजी, जाऊ का?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मुलगीही थांबली होती. त्यांच्या आवाजातलं उत्तर काही केल्या माझ्या तोंडून निघेना.

शेवटी मी मुलीलाच विचारलं, "किती वाजता यायचं?"