हुमनाबादेत दिलेला घोडा

उदगीरहून निघालो, पण कमलनगरच्या स्टँडवर कन्नड पाटी वाचता आली नाही, म्हणून भलत्याच बसमध्ये चढलो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "हुमनाबाद? ही औरादला जायलीय, अण्णा. उतरा." पुढचा प्रवास लॉरीत, तुरीच्या पोत्यांवर बसून केला.

हुमनाबादला एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाची खुली स्पर्धा होती. मी पोस्टातला कारकून, पण उदगिरात मला हरवणारा कुणी नव्हता. ती सगळी करामत 'किंग्ज गॅम्बिट'ची. राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दुसऱ्याच चालीला फुकट द्यायचं आणि समोरच्यावर तुटून पडायचं. दोन दिवसांत चार डाव जिंकले. दुपारी ढाब्यावर पुंडीची (अंबाडीची) भाजी नि भाकरी खातानाही डोक्यात चालीच.

शेवटच्या फेरीत समोर विमलअक्का आल्या. चिंताकीच्या शाळेत शिक्षिका. त्यांचेही चार विजय होते. जिंकेल त्याचा चषक. वडील दीक्षा घेऊन नागपूरहून परतले ते एक पट घेऊन, त्यावरच आपण शिकलो, असं त्यांनी सोंगट्या मांडताना सांगितलं.

मी प्यादं दिलं. त्यांनी घेतलं. पाचव्या चालीला मी घोडाही मारायला ठेवला. त्यांनी तोही घेतला. माझा वजीर, उंट, हत्ती सगळे त्यांच्या राजावर धावले. भोवती गर्दी जमली. डावाच्या या टप्प्यावर सगळे घाबरतात; अक्का मात्र गालाला हात लावून बसल्या होत्या. मग त्यांनी शांतपणे एक हत्ती देऊन माझा उंट मारला, पाठोपाठ वजिराला वजीर देऊन वजिरावजिरी केली, आणि हल्ला विझला. त्यांच्याकडे एक मोहरा जास्तच उरला होता. तासाभरानं मी राजा आडवा केला.

घोडा घेताना भीती वाटली नाही का, असं मी विचारलं.

"वाटली की. पण तुम्ही फुकट देताव तर न्हाई कामून म्हणू? परत कधी द्यायचं, तेवढंच बघत बसले."

चषक त्यांनी पिशवीत घातला, पट पुन्हा मांडला आणि म्हणाल्या, "आता हा हल्ला मला शिकवा." आम्ही बाजू बदलून खेळलो. माझ्याच हल्ल्यापुढं माझा राजा बारा चालींत मेला. माझी बस केव्हाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी उदगिरात उतरलो. मित्रांनी निकाल विचारला. हरलो म्हणताना मला हसू आवरेना. इतकी वर्षं मी लोकांच्या घाबरण्यावर जिंकत होतो. बुद्धिबळ त्या दिवशी पहिल्यांदा खेळलो.