पुढं गाठ पडल का, याची चौकशी

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि चौथीत दोनदा बसलो, त्यामुळं माझं शिक्षण पाच वर्षांचं धरायला हरकत नाही. पुढं जन्मभर गुळव्या होतो. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, त्याचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. त्याला पुस्तक नसतं, बोटं असतात. धर्मावर लिहायला एवढी लायकी पुरते का, ते माहीत नाही. पण जास्त लायकीच्या लोकांना विचारून झालंय, म्हणून लिहितो.

बायको जाऊन चौदा महिने झाले. सांगलीच्या दवाखान्यात होती, नाकात नळी, हाताला सुई. शेवटच्या दुपारी मी संत्रं सोलत होतो आणि ती म्हणाली, "आवं, पुढं आपली गाठ पडल का?"

मी म्हणालो, "गप पड. डोकं खाऊ नगो."

ती गप पडली. सबंध संसारात माझं तिनं इतक्या तातडीनं कधी ऐकलं नव्हतं. दिवस मावळायला गेली.

मी खेकसलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. चौथीत मास्तरांवर खेकसता येत नव्हतं, ते सगळं बायकोवर काढायची सोय होती. आता तिचा प्रश्न माझ्याकडं तसाच पडून राहिला.

आमच्याकडं मेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते बघायची रीत आहे. अग्नी देऊन आलं की, जिथं माणूस ठेवलं होतं तिथं दिवा लावायचा, शेजारी पीठ पसरायचं, वर पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालायची. सकाळी पाटी उचलली की पिठावर पाऊल उमटलेलं असतं. गाईचं खूर दिसलं तर गाय, असा हिशोब.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. पाटी जरा उचलली. पीठ कोरं होतं. काही म्हणता काही नव्हतं. आणि हात आपोआप पुढं गेला, तीन बोटांच्या चिमटीत पीठ धरून चोळून बघितलं. पन्नास वर्षं समोर दिसेल ते चिमटीत धरून बघायची खोड. मग भानावर आलो आणि पाटी खाली ठेवली.

तासाभरानं भावकी जमली. थोरल्या चुलतभावानं पाटी उचलली, चष्मा लावला, आणि म्हणाला, "पाखरू! तीन बोटं बघा की, लख्ख!"

"चिमणी," एक वहिनी म्हणाली.

"चिमणीचं एवढं आसतंय व्हय? साळुंकी हाय."

सून रडायला लागली. आत्याबाई जिवंतपणी बी कायम पंख असल्यागत पळत होत्या, म्हणाली. एका म्हातारीनं तर पहाटे पंखांचा आवाज ऐकल्याचं सांगितलं. मी खांबाला टेकून उभा होतो. खरं बोलायला तोंड उघडलं होतं, पण सगळ्यांना इतकं बरं वाटलेलं बघून मिटलं. आजही गावात ती साळुंकी आहे. त्या दिवशी मी बघितलं, की एखादी गोष्ट सांगोवांगी कशी तयार होते आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिला साक्षीदार कसे मिळतात.

त्यामुळं घरचा पुरावा बाद झाला. मग लिहिलेलं बघायचं ठरवलं.

दिवस घालायला आलेल्या भटजींनी गरुडपुराण वाचलं. गरुडानं विचारलं आणि विष्णूनं सांगितलं, असं ते पुस्तक. जीव वर्षभर चालत असतो, वाटेत वैतरणी नदी लागते.

मी म्हणालो, "तिला पवायला येत न्हवतं. कृष्णेत घोट्याच्या वर कवा गेली न्हाई."

"म्हणून तर गाय दान द्यायची आबा. शेपूट धरून पार होतात."

"आन पल्याड मी जाईन तवा ती तिथं थांबलेली आसंल का?"

भटजींनी पानं पुढं-मागं केली. "तसं यात स्पष्ट नाही."

गरुडानं एवढी पानं भरून विचारलं आणि नेमकं एवढंच राहिलं. बायको मेल्याशिवाय सुचायचं नाही ते.

पुढं कागदपत्रांसाठी दवाखान्यात गेलो, तर तीच सिस्टर भेटली जी त्या दुपारी सलाइन बदलत होती. गळ्यात क्रूस होता, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, बायबलात हाच प्रश्न येशूला विचारलाय. एका बाईचे एकामागून एक सात नवरे झाले, सगळे भाऊ. मग मेल्यांतून उठल्यावर ती कुणाची बायको?"

"सात? आमच्या हिला एकातच कट्टाळा आला हुता. मग कुणाची?"

"कुणाचीच नाही. तिथं लग्नच नाही. सगळे देवदूतांसारखे."

गाठ पडायची, पण नवरा-बायको म्हणून नाही. मी उठलो. सिस्टर मागनं म्हणाली, "आजोबा, त्या तुमच्यावर रागावल्या नव्हत्या." म्हणजे तिनं ऐकलं होतं सगळं.

राहिला आमचा पारावरचा बाक. त्यावर आम्ही चौघं म्हातारे बसतो. बियाणाच्या दुकानाचे अण्णा जैन, ट्रॅक्टरवाले चाचा मुसलमान, आणि फौजेतनं रिटायर झालेला हवालदार बौद्ध. ऊस, गुडघे आणि सुना सोडून दुसरा विषय आम्ही तोवर काढला नव्हता.

अण्णा म्हणाले, "आमच्यात वाट-बीट न्हाई. जीव निघाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढच्या जन्माला लागला. तुमी तेराव्याचं जेवण कुणाला घातलं कुणास ठाऊक."

"कुठल्या पुस्तकात हाय?"

"तीर्थंकरांची वाणी. शिष्यांनी पाठ केली. मूळचे आगम मातुर हरवले. मागनं आचार्यांनी लिवलं ते हाय."

"मूळचं हरवलं, आन मला जेवणावरनं बोलतोस?"

पण हिशोब डोक्यात बसला. चौदातनं नऊ गेले, म्हणजे ती पाच महिन्यांची. पुढचे काही दिवस मी पाच महिन्यांच्या पोरी बघत हिंडलो. इस्लामपूरच्या एसटीत एकीच्या तोंडाकडं इतका वाकून बघायला लागलो, की तिच्या आईनं पदर ओढून घेतला आणि कंडक्टरनं मला पुढच्या सीटवर बसवलं. पोरगी कपाळाला आठ्या घालून बघत होती. ओळख पटण्यासारखंच होतं, खोटं कशाला बोलू.

चाचांनी कुराणाचं सांगितलं. पैगंबर लिहायला-वाचायला शिकलेले नव्हते, आणि डोंगरातल्या गुहेत फरिश्ता येऊन म्हणाला, वाच. हे मला फार आवडलं. कयामतीला सगळे उठणार, आपापल्या माणसांना भेटणार.

"आमी बी?"

चाचा काठीनं माती उकरत म्हणाले, "त्यो रहमान हाय, रहीम हाय. वहिनीच्या बाबतीत मी कोन सांगनार गड्या? मी दुवा मागतो. रोज मागतो." आणि उपरण्यानं डोळे पुसले. उत्तर मिळालं नाही, पण चहा मी पाजला.

राहिला हवालदार. मी म्हणालो, "तुझं काय रं?"

"आमच्यात आत्माच मानत न्हाईत. आन मेल्यावर काय, आसं इचारलं तर बुद्ध गप राह्यचे. तिपिटकात, म्हंजे आमच्या ग्रंथात, हाय तसं."

"मग मी काय येगळं केलं? मी बी गप..."

"तू गप न्हवता राह्यला. तू तिला गप बसवलंस." हवालदार फौजेतला, त्याला आडवळण माहीत नाही. "आन चौदा म्हैने काय ग्रंथ गोळा करतुयास? तिनं ग्रंथाला इचारलं न्हवतं. विष्णूला न्हवतं, येशूला न्हवतं. तुला इचारलं हुतं."

चाचा म्हणाले, "आरं, जरा दमानं."

"दमानं कशाला? चौथी नापास मानसाला तिनं पुरावा मागितला हुता व्हय?"

मी उठून घरी आलो. भर दुपार होती. सून शेंगा फोडत बसली होती. बायकोच्या खाटेवर जाऊन बसलो. वर गाद्या-गोधड्यांचा ढीग होता, तो बाजूला सारला. घसा खाकरला. एवढ्याशा कामाला इतकी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं.

मोठ्यानं म्हणालो, "पडल. गाठ पडल. न्हाई पडली तर मी हुडकत यीन."

सुनेचे हात थांबले. "कुणाला म्हनताय मामा?"

"तुझ्या सासूला."

तिनं खाटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आन काय म्हनायचं हाय का?"

"न्हाई. तिनं एवढंच इचारलं हुतं."